फाटकापर्यंत दिवा नेताना

प्रश्न : घरापासून फाटक साठ फुटांवर आहे. वायरमन म्हणतो, घरातलीच दीडची (1.5 चौरस मिमीची) वायर पीव्हीसी पाइपात घालून वीतभर खोल पुरू. चालेल का? (चिपळूण)

नाही चालणार. वीतभर खोलीवर तुमचीच कुदळ पोचेल, जास्वंदीचं रोप लावताना. शिवाय घरातली वायर कोरड्या भिंतीसाठी असते. जमिनीतल्या पाइपात आज ना उद्या पाणी शिरतंच, सांधे कितीही चिकटवा.

तीन कोअरची, म्हणजे आत तीन तारा असलेली, तांब्याची आर्मर्ड केबल घ्या; तिच्यावर पोलादी कवच असतं. उंदीर-घुशींचं भयही त्याने बरंच कमी होतं. चर पाऊण मीटर, म्हणजे अडीच फूट खोल. कमी विद्युतदाबाच्या केबलला भारतीय मानकातही हीच खोली आहे. तळाला वाळू, त्यावर केबल, पुन्हा वाळू आणि वर आडव्या विटा. पुढे कधी कोणी खणायला लागलं, तर कुदळ आधी विटेवर आपटते आणि माणूस थांबतो. केबल जमिनीतून वर येते तिथे जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपाचा तुकडा चढवा. जमिनीत सांधा अजिबात नको, एकसंध तुकडाच आणा.

तिसरा कोअर अर्थिंगचा. तो फाटकाच्या दिव्यापर्यंत गेलाच पाहिजे, आणि केबलचं आर्मरही घराकडच्या टोकाला ग्लँड (केबल घट्ट धरणारी जोडणी) लावून अर्थ करून घ्या. लोखंडी फाटकाला पोरं लोंबकळतात, म्हणून इथे मी कुणालाच सूट देत नाही. खाली जांभा लागला आणि अडीच फूट खणता येत नसेल, तर उथळ पुरू नका. केबल कंपाउंडच्या भिंतीवरून क्लँप मारून न्या.

प्रश्न : पाऊस आला की आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडते. बाहेरचे दिवे तिच्यातून काढले तर? (सावंतवाडी)

कृपा करून काढू नका. 30 मिलिअँपिअरची ती आरसीसीबी तुमच्या जिवासाठीच आहे, आणि कुठेतरी करंट गळतोय हेच ती सांगतेय.

दिव्याचं बटण बंद ठेवूनही ती पडते, म्हणून लोक चक्रावतात. बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रल अर्थला टेकला असेल तरी आरसीसीबी पडते. म्हणून एकेका दिव्याच्या दोन्ही वायरी सोडवून बघावं लागतं. मग मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून घ्या, 500 व्होल्टला किमान एक मेगओहम यायला हवा. हे काम परवानाधारक माणसाचंच.

अशाच एका घरी दिव्याचं झाकण उघडलं, तर टर्मिनलवर हिरवा गंज आणि कोपऱ्यात मुंग्यांची अंडी. वायर वरून आत शिरली होती, पाणी तिच्याच अंगावरून ओघळत येत होतं. वायर नेहमी खालून, ग्लँडमधून आत घ्या आणि आधी तिला थोडा झोळ द्या, म्हणजे थेंब तिथूनच गळतील.

प्रश्न : बागेत 9 वॅटचे पाच दिवे लावायचेत. अडीचची केबल लागेल? की 12 व्होल्टचे दिवे बरे? (नाशिक)

पाच दिवे मिळून 45 वॅट, 230 व्होल्टला जेमतेम 0.2 अँपिअर. दीडची केबल भरपूर झाली. 12 व्होल्टला मात्र तेच दिवे पावणेचार अँपिअर घेतात. वीस मीटर दूर दीडच्या केबलने नेले, तर वाटेतच पावणेदोन व्होल्टच्या आसपास जातात आणि शेवटचा दिवा मंद दिसू शकतो. हाताला लागतील असे बुटके दिवे असतील तर तरीही 12 व्होल्टच घ्या, केबल चारची टाका आणि ट्रान्सफॉर्मर पावसापासून आडोशाला ठेवा.