कंपनीची बस वापरत नाही तरी पगारातून बसचे पैसे कापतात, हे चालतं का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की शिरवळला कंपनीत आहे, साताऱ्याहून स्वतःच्या गाडीवर जातो तरी दर महिन्याला बसचे ९०० कापतात. बस घेतलीच नसेल आणि घेतो म्हणून कुठं सही पण केली नसेल तर नाही कापू शकत. १९३६ च्या पगार कायद्यात कलम ११ मध्ये हे होतं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली त्यात पण कलम २२ ला तेच आहे, कामगारानं सुविधा मान्य केलेली पाहिजे आणि कपात त्या सुविधेच्या किमतीपेक्षा जास्त नको.

माझी केस थोडी वेगळी होती. मी पाचवडहून जायचो, पहाटे फाट्यावर बस यायची, भुईंज, सुरूर करत खंबाटकी पार करायची, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण सेकंड शिफ्ट लागली की रात्री साडेअकराला सुटल्यावर परत यायला बसच नसायची, मिळेल त्या ट्रकला हात करून घरी यायचो, आणि पगाराची स्लिप बघितली तर ट्रान्सपोर्टपुढं पूर्ण महिन्याचे पैसे. लय राग यायचा खरं सांगू का. एचआर म्हणायचा पॉलिसी आहे. जॉइनिंगच्या दिवशी १०-१२ कागदांवर सह्या घेतल्या होत्या, त्यात बसचा फॉर्म पण निघाला, म्हणजे मान्य तर मीच केलेलं. पण रात्री जी बस येतच नाही तिचे पैसे कसले? तसं तारखांसकट लेखी दिलं तेव्हा पुढच्या पगारात त्या दिवसांचे पैसे जमा झाले.

म्हणून आधी जॉइनिंगचे कागद मागून घ्या आणि वाचा, सगळं त्यावरच आहे. सही निघाली तरी बस नको, कपात बंद करा असं आजच लेखी द्या. बस सगळ्यांना फुकटच द्या असं काय कायदा म्हणत नाही, रात्रपाळीच्या बायकांचं वेगळं, त्यांना ने-आण करायची जबाबदारी कंपनीची. ठेकेदाराकडून असाल तर स्लिप कुणाच्या नावाची आहे ते बघा, अर्ज त्याला पण द्या.

नाहीच ऐकलं तर साताऱ्यात सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या ऑफिसला जा. पूर्वी दाव्याला १२ महिन्यांची मुदत होती, आता ३ वर्षं आहे, त्यामुळं जुन्या स्लिपा फेकू नका. आणि अर्जाच्या दुसऱ्या कॉपीवर कंपनीचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथनं उठू नका, मला पहिल्या वेळी अर्ज आलाच नाही म्हणून सांगितलेलं.