कपाटातला क्लब : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात माझ्या जुन्या जर्सींच्या ट्रंकेबद्दल सहज चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा पाऊसच पडला. एवढे लोक घराघरात फुटबॉल क्लबच्या वस्तू सांभाळून बसलेत हे मला खरंच माहीत नव्हतं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून चार जणांची पत्रं घेतलीयत.

प्रश्न : मी कांदिवलीचा, वय ५२. बाबा महिंद्राच्या कारखान्यात होते, त्यामुळे महिंद्रा युनायटेड ही आमच्या घरचीच टीम. कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर आम्ही दोघं जायचो, बाबांचा गुडघा दुखायचा म्हणून चर्चगेटपासून बसने, आणि येताना त्या बेस्टच्या तिकिटाच्या मागे बाबा मॅचचा स्कोअर लिहायचे. अशी चाळीसेक तिकिटं आहेत. शिवाय एक लाल जर्सी आणि कात्रणांची जाड वही. टीम २०१० ला बंद झाली. मुलगा म्हणतो, आता क्लबच नाही तर हे कोणाला हवंय? जर्सी फ्रेम करू का आणि कात्रणं लॅमिनेट करू का?

दादा, आधी लॅमिनेशनचं बोलतो कारण ते करून बसलात तर परत फिरता येत नाही. करू नका. गरम प्लास्टिक आणि गोंद एकदा कागदाला चिकटला की सुटत नाही, आणि वर्तमानपत्राचा कागद आत पिवळा पडायचा तो पडतोच. लाकडाच्या लगद्यात लिग्निन असतं, त्याचा हा प्रताप, वरून प्लास्टिक चढवून तो थांबत नाही. आणि मशीनमधून पावतीसारखी येणारी तिकिटं असतात ना, ती तर लॅमिनेटरच्या उष्णतेने चक्क काळी होतात. तेव्हा कात्रणं आधी स्कॅन करा, मग वहीच्या प्रत्येक दोन पानांमध्ये अॅसिड फ्री कागद घाला, आर्ट मटेरियलच्या दुकानात मिळतो. सेलोटेप लावली असेल तर ओढून काढू नका, आहे तशी राहू दे, आणि नवीन एक इंचही लावू नका.

आता मुलगा म्हणतो ते. त्याचं उलटं आहे. चालू क्लबची जर्सी दरवर्षी नवी निघते, तुमच्या क्लबची आता एकही निघणार नाही. वही चाळताना काही कात्रणांत टीमचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा असं दिसेल, ती पेपरची चूक नाही. १९६२ पासूनची कंपनीची टीम ती, युनायटेड हे नाव २००० ला आलं, म्हणजे १९९८ ची ड्युरँड कप स्पर्धा जुन्या नावाने जिंकली आणि २००१ ची नव्या. कात्रणावर तारीख नसेल तर हे असं ओळखत जायचं. ब्राझीलचा स्ट्रायकर बॅरेटो लाल जर्सीत दिसला तर तो कोलकात्याचा मोहन बागान क्लब सोडून मध्येच इकडे आला होता त्या थोड्या काळातला फोटो, आणि शेजारी घानाचा स्ट्रायकर यूसुफ याकुबू असेल तर बहुतेक तुमचं ते २००५-०६ चं नॅशनल लीग जिंकलेलं वर्ष, डेरिक परेरा कोच होते तेव्हाचं. हे तुम्हाला तोंडपाठ असणार, पण तुमच्या मुलाला नाही, म्हणून मऊ पेन्सिलीने एका कागदावर लिहून कात्रणासोबत ठेवा.

जर्सीबद्दल माझा स्वतःचा घात सांगतो. मी माझी एक आवडती जर्सी धुवून, घडी घालून, पॉलिथिनच्या पिशवीत, वर चार डांबरगोळ्या टाकून माळ्यावर ठेवली होती. दोन पावसाळ्यांनी काढली तर पुढचं स्पॉन्सरचं अक्षर मागच्या नंबरला असं चिकटलेलं की सोडवताना फर्रर आवाज झाला आणि अर्धा १ गेला. डांबरगोळीची गरजच नव्हती, पॉलिएस्टरला कसर लागतच नाही, उलट तिच्या वाफेने छपाई मऊ पडते. तर : उलटी करून गार पाण्यात हाताने धुवा (घामाचे डाग तसेच ठेवले तर पिवळे होऊन बसतात), सावलीत वाळवा, छपाईवर इस्त्री नको, आणि घडीच्या आत जुन्या मलमलच्या साडीचा तुकडा घाला म्हणजे छपाईला छपाई लागणार नाही. पिशवी कापडी. मात्र कोणा खेळाडूची सही असेल तर धुवायची नाही, आहे तशी ठेवायची.

फ्रेम करायचीच असेल तर करा, माझी फारशी हौस नाही त्यात. पण बाहेरच्या भिंतीवर लावू नका, मुंबईत जुलैला त्या भिंतीला ओल येते आणि मागून बुरशी चढते, आणि खिडकीसमोर नको, लाल रंग उन्हाने सगळ्यात आधी उडतो.

आणि ती तिकिटं. खरं सांगू का, माझ्याकडे सही केलेले दोन फुटबॉल आहेत, ते देऊन मी तुमची ती चाळीस तिकिटं घेतली असती. जर्सी दुसऱ्या कोणाकडे तरी असेल, पण तीस पैशाच्या कागदावर बाबांच्या बॉलपेनचं २–१ दुसरीकडे कुठे मिळणार? फेव्हिकॉलने वहीत चिकटवू नका, मागची बाजू कायमची जाईल. प्रत्येकाला वेगळं छोटं कागदी पाकीट, दोन्ही बाजूंचे फोटो, आणि पाकिटावर कोणाबरोबरची मॅच ते तुम्हाला आठवतंय तोवर लिहून टाका. आठवत नसेल तर कात्रणांतल्या स्कोअरशी जुळवून बघा, सुट्टीत मुलाला बसवा या कामाला, बघू मग तो काय म्हणतो.

प्रश्न : काका, मी ठाण्याचा, चौथीत असल्यापासून लंडनच्या आर्सेनल क्लबचा फॅन. एक जण इन्व्हिन्सिबल्स सीझनची, म्हणजे २००३-०४ ची ओरिजिनल होम जर्सी १८ हजाराला देतोय, शिवाय हायबरीची, म्हणजे क्लबच्या जुन्या स्टेडियमची खुर्चीपण आहे म्हणतो. घेऊ का?

थांब जरा. त्या सीझनला लीगमध्ये ३८ मॅच, २६ जिंकल्या, १२ ड्रॉ, एकही हरले नाहीत, त्यामुळे त्या जर्सीवर सगळ्यांचा डोळा असतो आणि विकणाऱ्यांना ते चांगलं माहितीये. पण ती लाल अंगाची, पांढऱ्या बाह्यांची, ओ-टू या स्पॉन्सरचं नाव असलेली होम जर्सी २००२ ते २००४ अशी दोन सीझन चालली. म्हणजे नुसत्या जर्सीवरून ती "त्याच सीझनची" हे तो काय, कोणीच सांगू शकत नाही. जर्सी खरी असेल, दावा फुगवलेला असेल. त्याचे जास्तीचे पैसे देऊ नकोस.

खरी आहे का ते बघायला त्याच्याकडून आतल्या लेबलचे क्लोज फोटो मागव. नायकीच्या लेबलवर प्रॉडक्ट कोड असतो, तो सर्च कर, दुसऱ्याच कुठल्या टीमची जर्सी आली तर विषय संपला, नकली बनवणारे एकच कोड सगळीकडे मारतात. मग चिन्ह बघ. २००२ ला आर्सेनलने चिन्ह बदललं, तोफेचं तोंड उजवीकडे केलं, आधी डावीकडे होतं. त्यामुळे उद्या कोणी तुला १९९८ च्या डबलची (लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले ते वर्ष) म्हणून जेव्हीसी या तेव्हाच्या स्पॉन्सरचं नाव लिहिलेली जर्सी दाखवली आणि तोफ उजवीकडे बघतेय, तर हसून निघून यायचं. भरतकामाची उलटी बाजू पण बघ, खरीत दोरे दाट आणि नीट असतात, नकलीत नुसते लोंबत असतात. फोटो पाठवायला टाळाटाळ करणारा माणूस म्हणजे निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

खुर्चीचं तर विसरच. हायबरी २००६ ला बंद झालं तेव्हा सीट्स फॅन्सना विकायचा बेत होता, पण त्या प्लास्टिकमध्ये कॅडमियम सापडलं आणि तो बेत रद्द करावा लागला. ठाण्यात कशी पोचली ती खुर्ची, त्याला विचार, मलाही कळव.

आणि फॅशन स्ट्रीटवरून घेतलेली, आर्सेनलचा स्ट्रायकर थिएरी आन्रीची १४ नंबरची नकली जर्सी आहे, टाकून देऊ का, असं पण तू लिहिलंयस. कशाला टाकतोस? विकू नको म्हणजे झालं. चौथीतला तू त्यातच होतास ना.

प्रश्न : मी कोल्हापूरची. पप्पा चाळीस वर्षं पाटाकडील तालमीच्या फुटबॉल टीमचे कट्टर, शाहू स्टेडियमवरची मॅच चुकवायची नाही म्हणजे नाही. दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांचा एक अल्बम आहे, चिकट पानांचा, वर प्लास्टिक असतं तो. फोटो ओढला की कोपरा फाटतोय, आणि फोटोतली निम्मी माणसं आम्हाला ओळखू येत नाहीत.

ताई, ओढायचं थांबवा. पहिल्यांदा प्लास्टिक हळूच उचलून प्रत्येक पानाचा जसं आहे तसा दिवसाच्या उजेडात फोटो काढा, कारण पप्पांनी कुठला फोटो कुठल्या शेजारी लावला तेही महत्त्वाचं असतं. मग दात साफ करायचा फ्लॉसचा दोरा मिळतो मेडिकलमध्ये, तो फोटोच्या मागे घालून करवतीसारखा हळूहळू एका कोपऱ्याकडून दुसरीकडे न्यायचा. नाहीच सुटला तर पानासकट कापून ठेवा, जबरदस्ती नको. मागे काही लिहायचं असेल तर मऊ पेन्सिल, बॉलपेनचा दाब पुढून उमटतो.

माणसांचं काम मात्र लवकर करा, फोटो थांबतील, ती मंडळी थांबणार नाहीत. तुमच्याकडे टीम म्हणजे तालीम, पेठेतली पोरं पेठेकडून खेळणार, त्यामुळे फोटोतला जवळजवळ प्रत्येक जण चार गल्ल्यांच्या आत सापडेल, नाहीतर त्याचा भाऊ तरी. मोठ्या प्रिंट काढा, वर ट्रेसिंग पेपर लावा, संध्याकाळी तालमीत जा आणि डोक्यांवर नावं लिहून घ्या. दोघं दोन नावं सांगतील, वाद घालतील, तुम्ही दोन्ही लिहा. आणि एक माझं ऐका, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा या विरुद्धच्या टीमच्या जुन्या खेळाडूंकडे पण जा. आपण मारलेले गोल माणूस विसरतो, आपल्यावर झालेला गोल कोणी, कुठल्या कोपऱ्यातून मारला ते मरेपर्यंत विसरत नाही.

प्रश्न : पुण्याहून लिहितेय. आमच्या ह्यांच्याकडे मँचेस्टर युनायटेडच्या ३१ जर्सी, १४ मफलरी आणि मगांचा एक अख्खा कप्पा आहे. माझ्या साड्या दिवाणात गेल्या. काहीतरी सांगा त्यांना.

वहिनी, तुमची बाजू बरोबर आहे. क्लब आता दर सीझनला तीन तीन जर्सी काढतात, त्या सगळ्या घ्यायच्या ठरवल्या तर दिवाणही पुरणार नाही. त्यांना एका रविवारी बसवा आणि एकेक जर्सी हातात देऊन कुठली मॅच, कोणाबरोबर बघितली, एवढंच विचारा. जिच्याबद्दल "सेल लागला होता" असं उत्तर येईल ती बाजूला काढा, कॉलनीतल्या पोरांना द्या, ती आनंदाने घालतील. मफलरी पुण्यात दोन महिने घालता येतात, त्या राहू देत. मगांत चहा प्या. पण फरशी पुसायला मात्र एकही जर्सी घेऊ नका, त्यांना वाईट वाटेल ते सोडाच, पॉलिएस्टर पाणीच शोषत नाही.