पारवा, कबूतर आणि सूसाच्या राजवाड्यातला निळा दगड

प्रश्न असा आलाय की सोसायटीच्या नोटिशीत "पारव्यांना दाणे टाकू नयेत" असं लिहिलंय, आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणतात पारवा हा वेगळाच पक्षी, आम्ही कबुतरांना दाणे टाकतो, त्यामुळे नोटीस आम्हाला लागू नाही. तर पारवा आणि कबूतर एकच की वेगळे?

एकच. काकांना नोटीस लागू आहे. कड्याकपारीत, गडाच्या तटात, पडक्या विहिरीत राहतो तो पारवा आणि माणसानं पाळला की कबूतर, एवढाच बोलण्यातला फरक, जात तीच. शहरातली ही बरीचशी पाळलेल्यांतून सुटून गेलेल्यांची पिलावळ आहे, पण एसीच्या डब्यावर बसलेलं एखादं नीट बघा, अंग धुरकट निळं, पंखावर दोन काळे पट्टे, मान वळवली की हिरवी-जांभळी झाक. पारवाच आहे तो.

आता माझं खरं दुखणं सांगते. हल्ली लहान मुलांना शिकवतात की कबूतर "गुटरगू" करतं. अहो, ते हिंदीत! मराठीत पारवा घुमतो. घुमतो! देवीचं वारं अंगात आलं की बाई घुमते, भजनात मृदंग घुमतो, तोच हा शब्द. आमच्या गावच्या विहिरीत पारव्यांची वस्ती होती, दुपारी काठावर उभं राहिलं की खालून तो आवाज यायचा, एक कुठला पक्षी ओरडतोय असं वाटायचंच नाही, अख्खी विहीरच घुमतेय असं वाटायचं, आणि पोहरा सोडला की फडफडफड करत सगळे एकदम तोंडावर. इतका नेमका शब्द घरात असताना गुटरगू कशाला आणायचं?

बरं, व्युत्पत्ती. "पारावर बसतो म्हणून पारवा" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ऐकवत नाही. पारावर कावळे बसतात, साळुंक्या बसतात, गावातली रिकामी मंडळी बसतात, त्यांना कोणी पारवा म्हणत नाही. संस्कृत पारावत, प्राकृतात पारेवय, त्यातूनच गुजरातीत पारेवुं, हिंदीत परेवा, मराठीत पारवा. पाराचा इथे काही संबंध नाही. पाऱ्यासारखा चमकतो म्हणून पारवा, हेही नाही.

पण खरी मजा कबूतरमध्ये आहे. भाषाशुद्धिवाले म्हणतात कबूतर फारसी, परका, कपोत म्हणा. मला हे अजिबात पटत नाही, कारण ज्याला हाकलायला निघालात तो कपोतचाच नातलग निघतो. फारसीत कबूद म्हणजे निळा, निळसर-करडा. कबूतर त्या कबूदवरून आलं, म्हणजे निळसर रंगाचा तो. आणि आणखी मागे गेलं की इराणचा सम्राट पहिला दारयवहू भेटतो, ज्याला आपण दारियस म्हणतो. त्यानं इसवीसनापूर्वी ५००च्या आसपास सूसा या राजधानीत राजवाडा बांधला आणि कुठला माल कुठून आणला हे लेखात कोरून ठेवलं. त्यात मध्य आशियातल्या सोग्दियानाहून आणलेल्या निळ्या दगडाचं, म्हणजे आपल्या लाजवर्दाचं नाव आहे "कासक कपौतक". कपौतक! मोठ्यानं म्हणून बघा, कपोत ऐकू येतो की नाही? संस्कृतातही कपोत म्हणजे पक्षी आणि कापोत म्हणजे त्याच्यासारखा करडा रंग. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री अकरा वाजता बहिणीला फोन केला होता. राजवाड्यातलं रत्न आणि बाथरूमच्या डक्टमध्ये काड्या आणून टाकणारा पक्षी, दोघांचं नाव एकाच रंगात बुडवून काढलेलं.

आणि मराठीनं काय केलं, तर उलट दिशेनं गेली. फारसीत रंगानं पक्ष्याला नाव दिलं, इथं पक्ष्यानं रंगाला. पारवा रंग! मोरपिशी, पोपटी तसा पारवा. माझ्या आजीचं एक पारव्या रंगाचं लुगडं होतं, सावलीत करडं दिसायचं आणि उन्हात धरलं की निळ्याची झाक मारायचं, त्याला राखाडी म्हटलं तर ती चिडायची, "राखाडी राखेचा, हा पारवा आहे" म्हणायची. आता दुकानात पारवा मागितलं तर समोरचा तोंडाकडे बघतो आणि ग्रे काढून देतो. गुटरगूपेक्षाही हे मला जास्त लागतं. एक रंगच भाषेतून चाललाय.

अजून एक, हे दाण्यांचं भांडण आजचं वाटतं ना? ऋग्वेदाच्या १०व्या मंडलात १६५वं सूक्त अख्खं घरात शिरलेल्या कपोतावर आहे. तो निर्ऋतीचा, म्हणजे विनाशाच्या देवतेचा दूत, अग्नीच्या जागेवर त्यानं पाय ठेवलाय, आमचं, आमच्या गाईगुरांचं भलं होवो, याला घराबाहेर काढा, अशी विनवणी आहे देवांना. आपण बाल्कनीला जाळ्या लावतो.

काकांसाठी नोटिशीत "पारव्यांना अर्थात कबुतरांना" असं करून टाका. आणि कबूतरमधला बू दीर्घ, कबुतरांमधला ऱ्हस्व, तेवढं टाइप करताना बघा.