गोव्यातल्या डेंटिस्टचं स्थळ आलंय. डेंटिस्टचं आयुष्य खरंच निवांत असतं का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही कोल्हापुरात शाळेत शिकवता. फोंड्याला स्वतःचा दवाखाना असलेल्या डेंटिस्टचं स्थळ आलंय. घरचे म्हणतात, "रात्री-अपरात्रीची धावपळ नाही, बाळंतपणं नाहीत, मरणं नाहीत, निवांत डॉक्टरकी आहे." आणि मुलाच्या आईने "लग्नानंतर दवाखान्याचं थोडं बघशील ना?" असंही विचारलंय. मी फोंडा तालुक्यातच डेंटिस्ट आहे. दवाखाना चालवला, संसार केला, मुलं आता मोठी झाली. म्हणून सविस्तर लिहिते.

रात्रीचं म्हणतात ते बरोबर आहे. रात्री दोनला उठून पळावं लागणं आमच्याकडे क्वचितच. पण डेंटिस्टची संध्याकाळ घरच्यांची नसते, हे आधी पक्कं समजून घ्या. दात दुखतो म्हणून रजा टाकून सकाळी येणारे थोडे. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतली पाळी सुटली की, पणजीच्या ऑफिसातून बस फोंड्याला पोचली की, मुलांची शिकवणी संपली की लोक येतात. त्यामुळे चार ते आठ ही आमची भरगच्च वेळ. शटर ओढताना कोणी सुजलेला गाल घेऊन आलं तर त्याला परत पाठवणं मला आजवर जमलेलं नाही, आणि जमणारा डेंटिस्ट मला आवडतही नाही. त्यानंतर ऑटोक्लेव्हची, म्हणजे हत्यारं वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राची, शेवटची खेप, कचऱ्याच्या पिवळ्या-लाल पिशव्या बांधून ठेवणं, दुसऱ्या दिवशीच्या अपॉइंटमेंट बघणं. घरी पोचेपर्यंत नऊ. फोंड्याच्या कला मंदिरात मराठी नाट्यस्पर्धा लागली की नवरा पहिल्या घंटेला जाऊन बसतो आणि मी दुसऱ्या अंकाला पोचते. लग्नकार्यात मुहूर्त दुपारचा असेल तर मी दिसते, संध्याकाळच्या रिसेप्शनला बहुधा शेवटच्या पंगतीला.

त्याची भरपाई गोव्यात दुपारी होते. इथे अजून एक ते साडेतीन-चार दुकानं, दवाखाने बंद असतात. घर जवळ असेल तर डेंटिस्ट रोज घरी जेवतो, तासभर आडवा होतो. मुंबई-पुण्यातल्या डेंटिस्टला हे सुख नाही. गोव्यातल्या बहुतेक शाळा सकाळच्या असतात, दीडच्या सुमारास सुटतात. तुम्हाला इथे नोकरी मिळाली तर तुमची दुपार आणि त्याची दुपार जुळेल. आमच्या घरातली महत्त्वाची बोलणी सगळी दुपारच्या जेवणावर झाली आहेत, मुलांच्या कॉलेजपासून सासूबाईंच्या ऑपरेशनपर्यंत.

आता काम कसं असतं ते सांगते, कारण माणूस घरी कसा परततो ते त्यावर ठरतं.

रूट कॅनल घ्या. खालच्या पहिल्या दाढेला मुळं दोन, पण आत नळ्या बहुतेक वेळा तीन, कधी चार. त्या शोधायला जी सुईसारखी बारीक फाइल घालतो, त्यातल्या दहा नंबरच्या फाइलचं टोक असतं ०.१० मिलिमीटर. ते नळीत कुठे अडलं, कुठे वळलं हे डोळ्याला दिसत नाही, बोटांना कळतं. वरच्या दाढा तर आरशात बघून करायच्या, तिथे सगळं उलटं दिसतं. हे चालू असताना लाळ भरते, जीभ मध्ये येते, रुग्ण गिळायला बघतो, मोबाइल वाजला की मान हलवतो. जोर जरा जास्त झाला तर फाइल आत तुटू शकते. पाऊण तास असा श्वास धरून काम केलं की दुसरा रुग्ण खुर्चीत बसतो, आणि तो आधीपासूनच घाबरलेला असतो.

ही भीती हा आमच्या कामाचा मोठा भाग आहे. आमच्याकडे हसत येणारं कोणी नाही. आठवडाभर लवंग ठेवलेली असते, फेणीचा बोळा धरलेला असतो, कोणी तर वेदनाशामक गोळीच दाढेवर ठेवून हिरडी भाजून घेतलेली असते. मग येऊन कोंकणीत म्हणतात, "दोतोर, काडून उडयात ताका," म्हणजे काढूनच टाका तो दात. काढायला दहा मिनिटं लागतात. तो दात वाचू शकतो हे पटवायला कधी अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासाचे पैसे कोणी देत नाही, पण खरी डॉक्टरकी मला तिथेच दिसते. दिवसभर मऊ आवाजात दुसऱ्याची भीती उतरवत राहिलेला माणूस घरी आला की थोडा वेळ गप्प बसतो. तो राग नव्हे. माझ्या नवऱ्याला हे कळायला काही वर्षं लागली, तुम्हाला आधीच सांगून ठेवते.

"मरणं नाहीत" हे मात्र खरं नाही. आमचा भाग कुळागरांचा, म्हणजे सुपारीच्या बागांचा. सुपारी हे इथलं पीक आणि तीच कित्येकांच्या गालातही असते. माणूस येतो तो तिखट सोसत नाही, तोंड जळतं म्हणून. मी त्याला त्याचीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगते. निरोगी माणसाची जातात. याची दोनच जातात, कधी एक. गालाच्या आतलं कातडं पांढुरकं पडून ताठलेलं असतं, बोट फिरवलं की दोऱ्यांसारखे पट्टे लागतात. ही अवस्था नुसत्या सुपारीनेही येते, तंबाखू हवाच असं नाही, आणि काही जणांत पुढे कॅन्सर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालच्या अहवालात सुपारीलाच कर्करोगकारक म्हटलं आहे. गोव्याने गुटखा २००५ साली बंद केला, फार चांगलं केलं, पण कच्ची सुपारी घराघरात आहे. ज्याच्या घरावर सुपारीचे पैसे लागलेत त्याला "सुपारी सोडा" म्हणणं सोपं नसतं. गालात न भरणारी जखम दिसली की चिठ्ठी लिहून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पाठवायचं. तो माणूस गेला की नाही हे कळेपर्यंत चैन पडत नाही. आपलं गाव लहान, तो दुकानात भेटतो, देवळात भेटतो. अशा दिवशी ताटावर बसूनही तुमचा नवरा तिथे नसेल.

शरीराचंही बोलून घेते. मान, कंबर, मनगट ही आमची आधी दुखावणारी ठिकाणं. वर्षानुवर्षं एका बाजूला वाकून काम करायचं, एअरोटरची, म्हणजे दात कोरायच्या यंत्राची, शीळ कानाजवळ. मुलाकडे लूप्स, म्हणजे मोठं दाखवणारा भिंगाचा चष्मा, आहेत का, बसून काम करतो का, मदतनीस शेजारी बसते का की एकटाच सगळं ओढतो, हे बघा. चाळिशीतली मान त्यावर ठरते. आणि सुई टोचण्याची भीती कायमची. हिपॅटायटिस बीची लस घेतलीय का, आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी असे तिन्ही डोस पूर्ण झालेत का, हे होणाऱ्या बायकोने विचारण्यात संकोच कसला. हा तुमच्याही आरोग्याचा प्रश्न आहे.

सुट्ट्यांचं गणित इथे वेगळं आहे, आणि तुम्ही शिक्षिका आहात म्हणून मुद्दाम लिहिते. मे आणि डिसेंबर हे आमचे गर्दीचे महिने. बोटीवरचे तारवटी सुट्टीवर येतात, पुन्हा बोट पकडायच्या आत सगळे दात करून हवे असतात. आखातातले येतात. पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेली मंडळी, स्विंडनचीच कितीतरी, तिथे सरकारी डेंटिस्टचा नंबर लागत नाही म्हणून दुखणं घेऊन गावात येतात. एकेकाला तीन आठवड्यांत दोन रूट कॅनल, चार कॅपा आणि आईची कवळी पाहिजे असते. तुमची मे महिन्याची सुट्टी असेल तेव्हा त्याला मान वर करायला वेळ नसेल. दवाखाना खरा रिकामा होतो तो चतुर्थीला. ठणकणारी दाढसुद्धा गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून होईपर्यंत गप्प राहते. पण तेव्हा आपणही घरचा गणपती सोडून कुठे जाणार? आम्ही फिरायला जुलैत गेलो, भर पावसात, मुलांच्या शाळा बुडवून. पावसात तसंही इथे वीज जाते, कॉम्प्रेसर बंद पडतो, हत्यारांना गंज धरतो.

पैशाबद्दल घरच्यांचा समज तपासून घ्या. बीडीएस ही डेंटिस्टची पदवी म्हणजे चार वर्षं आणि वर्षाची इंटर्नशिप, एमडीएस हे पदव्युत्तर शिक्षण केलं तर आणखी तीन. १९८० साली बांबोळीला दंत महाविद्यालय सुरू झालं, आजही गोव्यात तेवढं एकच आहे. तरी तिथून दर वर्षी नवे डेंटिस्ट निघतात, बेळगावहून आणि इतर ठिकाणांहून शिकून येतात ते वेगळे, आणि फोंड्याच्या बाजारात चार पावलांवर पाटी दिसते. गल्ल्यात पडतं ते सगळं आपलं नसतं. कॅपचे लॅबला जातात, मग भाडं, मदतनिसांचा पगार, सामान, खुर्ची आणि एक्स-रेच्या सेन्सरचा हप्ता. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे सगळं बंद झालं, त्यात आमच्या एअरोटरचे तुषार म्हणजे नको तेच. उत्पन्न शून्य आणि हप्ते चालू असे महिने आम्ही सगळ्यांनी काढलेत. चांगला डेंटिस्ट व्यवस्थित पोट भरतो, पण हळूहळू, एका रुग्णाने दुसऱ्याला सांगत.

म्हणून कर्ज किती आणि कोणाच्या नावावर, हे स्पष्ट विचारा. गोव्यात हा प्रश्न आणखी महत्त्वाचा, कारण इथे १८६७ सालची पोर्तुगीज नागरी संहिता अजून लागू आहे. लग्नाची नोंद इथे होते तेव्हा वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता साधारणपणे सामाईक धरली जाते, दोघांचा अर्धा-अर्धा वाटा. संसारासाठी काढलेल्या कर्जाचा भारही या सामाईक मालमत्तेवर येऊ शकतो. वेगळं काही ठरवायचं असेल तर तो करार लग्नाआधीच करावा लागतो, नंतर नाही. रजिस्ट्रारकडे सही करायच्या आधी इथल्या वकिलाशी तासभर बोला. यात अविश्वास नाही, इथली चांगली घरंही हे करतात.

आता सासूबाईंचा प्रश्न. "थोडं बघशील ना" हे थोडं राहत नाही, हे मी आजूबाजूच्या कितीतरी घरांत पाहिलंय. सुरुवात फोन घेण्याने होते. मग हिशोब, मग लॅबचे निरोप, मग मदतनीस आली नाही त्या दिवशी खुर्चीशेजारी उभं राहणं. वर्ष-दोन वर्षांत शिक्षिकेची नोकरी सुटते आणि ती बिनपगारी रिसेप्शनिस्ट होते. काही जोडप्यांना हे मानवतं, एकत्र राबून त्यांनी सुंदर दवाखाने उभे केलेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण तुम्ही शिकवण्यात रमलेल्या आहात हे तुमच्या प्रश्नातून दिसतंय. मी तुमच्या जागी असते तर "माझी नोकरी चालू राहील, हिशोब महिन्यातून एकदा बघेन" असं आत्ताच, हसून पण स्पष्ट सांगितलं असतं. पुढे मनाने दवाखान्यात जावंसं वाटलं तर ठरलेलं काम, ठरलेली वेळ आणि बँकेत जमा होणारा पगार घेऊनच जा.

मुलाला पुन्हा भेटणार असाल तर हॉटेलात भेटू नका. संध्याकाळी सातला त्याच्या दवाखान्यात जा आणि बाहेरच्या बाकावर तासभर बसा. मदतनीस मुलीशी तो कसा बोलतो ते ऐका. म्हाताऱ्या माणसाला खर्च आधी सांगतो की काम झाल्यावर, रडणाऱ्या पोराला दम देतो की थांबतो, ते बघा. आठ वाजता सुजलेला गाल घेऊन कोणी आलंच, तर तो तुमच्याकडे बघून काय म्हणतो तेही बघा. ते बघितल्यावर आणखी काही विचारायचं राहिलं असेल तर इथेच लिहा, मी उत्तर देईन.