चेक, शह आणि आपली सतरंजी

उदगीरकडच्या एका मास्तरांनी विचारलंय की 'चेक करणे'ला नीट मराठी शब्द कोणता, आणि शर्टावरचा चेक, बँकेतला चेक, ओढ्यावरचा चेकडॅम हे सगळे एकच शब्द का वेगवेगळे.

पहिल्याचं उत्तर पटकन देऊन टाकतो. शब्द एक नाही, ढीगभर आहेत, आणि आपण सगळीकडं 'चेक' ठोकून मोकळे. 'भाजीत मीठ चेक कर', 'कुलूप चेक कर', 'पोराचा ताप चेक कर', आणि कहर म्हणजे 'एकदा चेक करून तपासून बघा', अरे बाबा एकाच वाक्यात तीनदा काय बघायलात! मीठ चाखतात, कुलूप ओढून बघतात, पेपर तपासतात, कागदपत्रं पडताळतात, खिसे चाचपतात, घराची झडती घेतात, उडत आलेल्या बातमीची शहानिशा करतात, गणिताचा ताळा बघतात (ताळेबंदातला ताळा तो हाच). आणि लातूरच्या मोंढ्यात जाऊन पाच मिनिटं उभं राहा. आडतीवरचा माणूस पोत्यात पोकळ सळई खुपसतो, सोयाबीन तळहातावर घेऊन फुंकर मारतो, माती उडाली की एक दाणा दाताखाली फोडतो आणि माल किती ओला आहे ते सांगून मोकळा होतो. ह्याला पारखणं म्हणतात. आता तिथंबी मशीन आलंय आणि त्याच्याबरोबर 'मॉइश्चर चेक' आलंय, चालू द्या.

तर खरी गंमत पुढं आहे. 'बघणे, तपासणे' हा अर्थ चेकला बऱ्याच उशिरा चिकटलाय. त्याच्या आधीचा अर्थ अडवणे, रोखणे. पटत नसेल तर चेकडॅम घ्या. एका डिप्लोमाच्या पोराला मी विचारलं तर म्हणतो, पाणी किती आलं ते चेक करायला बांधतात! कपाळ. ओढ्याचं पाणी अडवायचं, त्याचा जोर मोडायचा, गाळ खाली बसवायचा आणि पाणी मुरवून आजूबाजूच्या विहिरींना लावायचं, म्हणून तो चेकडॅम. आपल्याकडं 'आळा घालणे', 'चाप लावणे' म्हणतात ते हे. चेकनाक्यावर मात्र दोन्ही होतं, आधी गाडी अडवतात मग डिकी उघडायला लावतात, आणि अडवण्यातून तपासण्याकडं हा शब्द कसा सरकला असेल ते तिथं बरोबर दिसतं.

आणि अडवणे कुठून आलं? बुद्धिबळातून. फारसीतला 'शाह' म्हणजे राजा, डावात राजावर चाल केली की 'शाह' म्हणून ओरडून सावध करायचं. तो शब्द अरबांकडून युरोपात गेला, लॅटिन-फ्रेंचमधून घासत घासत इंग्रजीत 'चेक' होऊन बसला. तोच शब्द आपल्याकडं फारसीतून आला आणि 'शह' झाला. म्हणजे 'चेक'ला मराठी शब्द काय असं विचारणाऱ्याला खरं उत्तर 'शह' हेच आहे, सख्खा भाऊ घरात बसलाय आणि आपण भाषांतर शोधत हिंडायलोत.

शर्टावरचा चेकबी ह्याच घरचा. बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन म्हणून चेक. १२व्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशोब चौकोन पाडलेलं कापड टेबलावर अंथरून, त्यावर सोंगट्या सरकवून करायचे, त्यावरून त्यांच्या खजिन्याला 'एक्स्चेकर' नाव पडलं आणि अजूनही त्यांचा अर्थमंत्री 'चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर' म्हणवतो.

आता माझा लाडका मुद्दा, सतरंजी. कुणालाबी विचारा, सांगणार 'सात रंगांची म्हणून सतरंजी'. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. कीर्तनात, लग्नात, ग्रामसभेत जन्मभर जिच्यावर मांडी घालून बसलो तिच्यावर सात रंग कुणी मोजलेत? लाल-निळे नाहीतर हिरवे-काळे पट्टे, संपलं. सतरंजी आली 'शतरंजी'वरून, म्हणजे शतरंजाच्या पटासारखी. बांगलादेशात रंगपूरला अशाच विणलेल्या सतरंज्या प्रसिद्ध आहेत, तिथं अजून 'शतरंजी'च म्हणतात, 'श' शाबूत. कुणी म्हणेल पट्ट्यांचा आणि बुद्धिबळाचा काय संबंध, तर इंग्रजांच्या बोलण्यात शिरलेल्या इकडच्या शब्दांचा जो १८८६ चा हॉब्सन-जॉब्सन कोश आहे, त्यानंच त्याला उत्तर दिलंय की आता पट्टे दिसतात पण नावावरून मुळात चौकटी असणार. आणि शतरंज तरी कुठला? आपलाच 'चतुरंग', हत्ती, घोडे, रथ, पायदळ असं चार अंगांचं सैन्य. इराणात गेला तर 'चत्रंग' झाला, अरबीत 'च' नाही आणि 'ग' नाही म्हणून 'शतरंज' झाला, आणि मग परत येऊन आपल्या मंडपात खाली अंथरला गेला. चेक्सचा शर्ट घालून सतरंजीवर बसलेला माणूस म्हणजे वर राजाचं नाव आणि खाली पटाचं! मला तर हे सुचल्यापासून मांडवात गेलं की हसूच येतं.

ह्याच्यावरून चेकमेट. टीव्हीवाले रोज कुणीतरी कुणालातरी 'चेकमेट' दिल्याचं सांगतात आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस नवी चाल खेळून मोकळा. मग तो चेकमेट नव्हता ना राव, नुसता शह होता, त्यानं काटशह दिला. चेकमेट म्हणजे शहमात, पुढं चालच उरत नाही.

आणि कित्येक कोशांत शहमातचा अर्थ 'राजा मेला' असा देतात, अरबीत 'मात' म्हणजे मेला म्हणून. मला हे अजिबात मान्य नाही, आणि हे न मानणारा मी एकटा नाही. फारसीत 'मात' म्हणजे हतबल, गोंधळून थिजलेला. बुद्धिबळात राजा मरतो कधी? बाकी सगळे मरतात, राजा कोंडला की डाव तिथंच संपतो. कोश लिहिणाऱ्यांनी एकदा पट मांडून तरी बघायचा. आणि मराठीचा पुरावा घ्या, आपण 'दुष्काळावर मात केली' म्हणतो, दुष्काळ मेला म्हणत नाही, दोन-तीन सालांनी तो परत हजर असतो हे आम्हाला मराठवाड्यात कुणी सांगायला नको.

बँकेचा चेक राहिला. तोबी ह्यातलाच, खोटा कागद ओळखता यावा, पडताळता यावा म्हणून जवळ ठेवायचा स्थळप्रतीसारखा तुकडा (काउंटरफॉइल) तो मूळचा 'चेक', मग रकमेच्या कागदालाच ते नाव पडलं. इंग्रजांनी स्पेलिंग एक्स्चेकरच्या नादानं बदललं, अमेरिकेत जुनंच चालतं. मराठीत धनादेश म्हणा, फक्त 'धनादेश बाउन्स झाला' म्हणू नका, 'वटला नाही' हे चांगलं मराठी आहे. शर्ट चौकडीचा म्हणा. आणि मास्तर, पोरांचे पेपर तपासा.