शेक घेण्याआधी दोन-तीन एक्स-रे काढले तर शरीर काटक होतं का?

तुम्ही विचारलंय की वडिलांना घशाच्या कॅन्सरसाठी शेक, म्हणजे किरणांचा उपचार (रेडिएशन), द्यायचा आहे, आणि आधी थोडे किरण अंगावर घेतले तर पुढचा मोठा मारा सोसतो असं पाहुण्यांनी सांगितलंय. मग बाहेरून एक्स-रे काढून आणावेत का? नका आणू. मी संभाजीनगरला शेकाच्या मशीनवर तंत्रज्ञ आहे.

पाहुण्यांनी थाप मारलेली नाही, हे मात्र आधी सांगतो. १९८४ साली ऑलिव्हिएरी, बोडिकोट आणि वुल्फ यांनी माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना ट्रिशियमचा (किरणं सोडणाऱ्या हायड्रोजनचा) अगदी हलका डोस दिला, नंतर १.५ ग्रे एक्स-रे; ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं माप. गुणसूत्रं अपेक्षेपेक्षा कमी तुटली. आपल्याकडे सिल्लोड-भोकरदनला मिरचीची रोपं लावणीआधी पाणी तोडून काटक करतात, तसंच काहीसं. हलक्या माऱ्यानं पेशीची डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा जागी होते. त्याला चार ते सहा तास लागतात, आणि त्या वेळात नवी प्रथिनं बनू दिली नाहीत तर संरक्षण मिळतच नाही. मिळालं तरी पेशी काही वेळा विभागल्या की ओसरतं. शिवाय सगळ्यांच्याच रक्तात ते दिसत नाही; मला हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

प्रयोगशाळेबाहेरच्या माणसांचं म्हणाल, तर केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर थोरियमच्या वाळूमुळे किरणं जास्त आहेत. २००९ साली छापून आलेल्या पाहणीत तिथं कॅन्सर वाढलेला आढळला नाही. पण कॅन्सर न वाढणं वेगळं आणि संरक्षण मिळणं वेगळं.

आता वडिलांचं बघा. घशाला रोज साधारण २ ग्रे, असे तीस-पस्तीस शेक. छातीच्या एक्स-रेचा डोस एक मिलीग्रेसुद्धा भरत नाही, म्हणजे २ ग्रेच्या दोन हजाराव्या भागाहूनही कमी. आणि समजा पेशी काटक झाल्याच, तर गाठीतल्या पेशी होणार नाहीत कशावरून? त्या तर मरायला हव्यात.

शेकाच्या वेळी डोकं हलू नये म्हणून मास्क करतात. तो करताना गरम पाण्यात मऊ केलेली जाळी तोंडावर दाबतो, तेव्हा माणूस टेबलाची कड घट्ट धरतो. वडिलांना हे आधी सांगून ठेवा, घाबरणार नाहीत. दातांच्या डॉक्टरांना शेक सुरू व्हायच्या आत दाखवा, किडलेला दात काढायचा असेल तर जखम भरायला वेळ लागतो. तंबाखू असेल तर आजच बंद. तोंड आलं तरी शेक चुकवू नका, डॉक्टरांना सांगा.