थव्यातला पुढचा पक्षी राजा असतो का?

तुम्ही विचारलंय की थंडीत येणारे पक्षी बाणाच्या टोकासारखी रांग करून का उडतात, आणि सगळ्यात पुढचा त्यांचा राजा असतो का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, म्हणून ते आधी देतो: नाही. माझे आजोबा मात्र तसंच सांगायचे. दांडिया बाजारातल्या वाड्याच्या गच्चीवरून संध्याकाळी बगळ्यांची रांग दिसली की आम्ही मुलं नखांवर नखं घासून पांढरी फुलं मागायचो, आणि आजोबा पुढच्या बगळ्याकडे बोट करून म्हणायचे, "ते बघ, सरकार चाललेत." ज्याने बडोद्यात गायकवाडी पाहिली, त्याला पुढे चालणारा म्हणजे सरकारच वाटणार.

मी पक्षितज्ज्ञ नाही. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात तीसेक वर्षं मोठाले ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारे पंखे, जुळवले, आता निवृत्त आहे. त्यामुळे हा प्रकार मला गळतीच्या भाषेत कळतो, तसाच सांगतो.

ब्लोअरचं पातं फिरतं तेव्हा त्याच्या एका अंगाला हवेचा दाब वाढतो, दुसऱ्या अंगाला कमी होतो. पात्याचं टोक आणि केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, यांच्यात फट राहिली की दाबाखालची हवा तिथून पलीकडे निसटते. ती फट कमी करण्यात आमची निम्मी नोकरी गेली. पक्ष्याच्या पंखाला तर केसिंगच नाही! पंखाखाली दाब जास्त आणि वर कमी, म्हणून तो हवेत टिकतो. पण टोकाशी खालची हवा वळसा घालून वर येते आणि पक्षी पुढे निघून गेला तरी मागे भोवरा फिरत राहतो. दोन पंखांचे दोन भोवरे. त्यांच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे पक्ष्याच्या थेट पाठीमागे, हवा खाली जाते. टोकांच्या बाहेरच्या बाजूला मात्र ती वर चढते.

आता मागून येणाऱ्याने कुठे उडावं? बरोबर शेपटीमागे राहिला तर खाली ढकलला जाईल. थोडा बाजूला सरकला तर त्याच्या पंखाला चढती हवा मिळते. उंच इमारतीवर वारा आपटून वर चढतो तिथे घार पंख न हलवता कशी तरंगते, ते आठवा. गंमत अशी की पुढच्याचं यात काही जात नाही. ती हवा त्याने सांडलेलीच असते. त्याच्या मागचाही तसाच बाजूला सरकतो, आणि तिरपी रांग तयार होते. दोन्ही बाजूंना झाली की बाण. एकाच बाजूची रांगही तितकीच चालते, म्हणून आकाशात नीटस बाण कमी आणि एक हात लांब, एक आखूड असेच थवे जास्त दिसतात.

खरी करामत पुढेच आहे. पक्षी पंख हलवतो, त्यामुळे टोकाची वाट सरळ नसते, लाटेसारखी वरखाली जाते. मग मागच्याने काय करावं? याचं मोजमाप २०१४ साली प्रसिद्ध झालं. मध्य युरोपातून चारेकशे वर्षांपूर्वी नाहीसा झालेला एक टकल्या डोक्याचा शराटी, म्हणजे लांब वाकड्या चोचीचा पक्षी, तिथे पुन्हा वसवतात. माणसांनी वाढवलेली पिल्लं तेव्हा हलक्या विमानामागून ऑस्ट्रियातून इटलीकडे नेत असत. अशा १४ पक्ष्यांच्या पाठीवर बारकी यंत्रं बांधली. तिरप्या रांगेतला पक्षी पुढच्याच्या टोकाने हवेत आखलेल्या वाटेवरूनच स्वतःचं टोक नेतो, पावलावर पाऊल टाकावं तसं. आणि कधी थेट मागे सापडलाच, तर उलट्या तालात पंख मारतो, खाली जाणाऱ्या हवेचा त्रास कमी व्हावा म्हणून. वाट दाखवायला त्यांच्यात एकही जाणता पक्षी नव्हता, हे मला फार नवलाचं वाटतं.

फायदा किती? व्हॉट्सअ‍ॅपवर नेतृत्वाचे धडे म्हणून एक मजकूर फिरतो, त्यात ७१ टक्के हा आकडा ठोकून दिलेला असतो. तो १९७० च्या एका गणितातला आहे: २५ पक्षी नेमक्या रांगेत उडाले तर तितक्याच ताकदीत ७१ टक्के जास्त अंतर जाऊ शकतील. हा कागदावरचा हिशेब आहे, कुणी पक्ष्यावर मोजलेला नाही. ब्लोअरचं कागदावरचं काम आणि प्रत्यक्षातलं काम यातला फरक आम्ही रोज पाहायचो, म्हणून मला असे आकडे पचत नाहीत. मोटरबोटीच्या आणि छोट्या विमानाच्या मागे उडायला शिकवलेल्या पेलिकनांच्या हृदयाचे ठोके मात्र खरोखर मोजले गेले. ते २००१ साली प्रसिद्ध झालं: एकट्याने उडण्यापेक्षा थव्यात ११ ते १४ टक्के बचत. हजारो किलोमीटर जायचं असेल तर एवढंही पुष्कळ झालं.

मग ही बचत सोडून पुढे कोण राहणार? त्याच शराट्यांच्या उड्डाणाचा हिशेब २०१५ मध्ये मांडला, तर असं दिसलं की प्रत्येक पक्षी सरासरी ३२ टक्के वेळ दुसऱ्याच्या चढत्या हवेवर असतो आणि जेवढं घेतो तेवढाच वेळ पुढेही राहतो. जोडीजोडीने पाळ्या बदलतात. मी हे नातवाला सांगितलं होतं. गेल्या हिवाळ्यात डभोईजवळच्या वढवाणा तलावावर एक रांग डोक्यावरून गेली, पुढचा मागे सरकला, आणि पोरगं ओरडलं, "आजोबा, सरकार बदललं!"

हंसांचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, तिरप्या रांगेत पुढचा नीट दिसतो आणि टक्कर टळते, हेही एक कारण मानतात. मला दोन्ही कारणं एकत्र असावीत असं वाटतं.

सगळे पक्षी हे करत नाहीत. भोरड्या, म्हणजे साळुंकीच्या कुळातले पक्षी, संध्याकाळी गोळाच करून फिरतात. कबुतरांवरच्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर दाट थव्यात पंख जास्त वेळा मारावे लागतात असं आढळलं, म्हणजे बचत नाही, उलट खर्चच. बाणाची रांग मुख्यतः हंस, करकोचे, पेलिकन अशा मोठ्या पंखांच्या पक्ष्यांची.

बघायचं असेल तर वढवाण्यालाच जा. १९१० मध्ये बडोदा संस्थानाने शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव, २०२१ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आहे. डिसेंबर-जानेवारीत भल्या पहाटे पोचा, दुर्बीण न्या. तिथले लोक करकोच्यांना कुंज म्हणतात, तसंच विचारा. रांग दिसली की नजर पुढच्यावर न ठेवता तिसऱ्या-चौथ्यावर ठेवा. तो पुढच्यापेक्षा किंचित उशिरा पंख खाली आणतो आणि ती लाट रांगेच्या शेवटपर्यंत पळत जाते.